साहेबांनी अंडं घातलं

चौदा वर्षं घरातले, शेजारचे आणि जिन्यातले सगळे ज्याला साहेब म्हणत आले होते, त्या पोपटानं एका मंगळवारी सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी अंडं घातलं.

मावशी चहाचं आधण ठेवून पिंजऱ्यावरचं फडकं काढायला गेल्या आणि हातात फडकं तसंच धरून उभ्या राहिल्या. मागे आधण उकळून निम्मं झालं. अंडं म्हणावं तर कवच असं त्याला नव्हतंच. ओल्या कातड्याच्या लहानशा पिशवीसारखं काहीतरी, बोट लावलं तर खळगा पडेल असं. त्याच्या शेजारी साहेब पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसले होते.

मावशींनी जिन्यातून खाली हाक मारली. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका गळ्यातल्या टेपसकट वर आले. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, पुन्हा पुसला.

"वहिनी, हे कुणी बाहेरून आणून ठेवलं नाही ना?"

"कोण ठेवणार? दाराला आतून कडी."

"म्हणजे साहेब..."

"हो. तेच म्हणते मी."

"चाळीस वर्षं माणसं नुसती बघून माप सांगतोय," शिंपीकाका म्हणाले, "आणि इथं साफ फसलो. आता ह्यांना म्हणायचं काय? बाईसाहेब?"

मावशींना हसू आलं, पण ते ओठांवर आलं तसं विरलं. साहेब दांडीवर चढायला बघत होते आणि त्यांचे पाय दांडी धरत नव्हते. एकदा चढले, घसरले. पुन्हा चढले, पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्नच केला नाही.

"काका, माझी पर्स आणा जरा आतून," मावशी म्हणाल्या. "मी ह्यांना घेऊन दवाखान्यात चालले."

साहेब मूळचे एका कंडक्टरचे. मावशींचे यजमान बसवर ड्रायव्हर होते आणि हा कंडक्टर अकरा वर्षं त्यांच्या गाडीवर होता. त्याला मुलानं परदेशी बोलावून घेतलं तेव्हा तो पिंजरा हातात घेऊन दारात उभा राहिला. "माणसांची सोय लागते हो," म्हणाला, "ह्याची कुठं लावू?" पिंजऱ्यात राखाडी रंगाचा, लाल शेपटीचा जाडजूड पोपट. मान ताठ, नजर तिरकी. ड्रायव्हरांनी त्याला बघितलं मात्र आणि मांडीवर थाप मारली. "अगं, हा तर आमचा डेपोतला साहेब! तोच करडा कोट, आणि काखेत तीच लाल फाइल!" झालं, नाव पडलं. तेव्हापासून घरात साहेब उठले, साहेब रागावले, साहेबांना आज बरं वाटत नाहीये, अशीच भाषा.

बोलायचे ते एकच. कंडक्टरकडे शिकलेले दोन शब्द, "पुढे सरका!" दारात कुणी उभं राहिलं की हे वाक्य ठरलेलं. पोस्टमन सरकायचा, दूधवाला सरकायचा. दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हर गेले, तेव्हा भेटायला आलेल्या माणसांनी खोली भरली होती. कुणी बोलत नव्हतं, सगळे मान खाली घालून उभे, आणि त्या शांततेत पिंजऱ्यातून खणखणीत आवाज आला, "पुढे सरका! पुढे सरका!" दोन-चार माणसं खरोखरच सरकली. तीन दिवसांत मावशी पहिल्यांदा हसल्या त्या तेव्हा, आणि हसता हसता रडल्या.

दवाखान्याकडे जाणारी बस निम्मी रिकामी होती. मावशींनी पिंजरा मांडीवर घेतला, त्यावर शाल टाकली. जनावरांच्या दवाखान्यात चार कुत्री, दोन मांजरं आणि एक कासव नंबर लावून बसलं होतं. एक भलंमोठं कुत्रं पिंजऱ्याला नाक लावून भुंकलं. एरवी साहेबांनी त्याला चांगलंच सुनावलं असतं. आज शालीखालून चकार शब्द आला नाही. मावशींनी शालीची कड उचलून आत पाहिलं.

पक्ष्यांची डॉक्टरीण तरुण होती, केस वर बांधलेले, हातावर ओरखडेच ओरखडे. तिनं साहेबांना टॉवेलात असं काही अलगद गुंडाळलं की मावशींना तिच्याबद्दल तिथल्या तिथं विश्वास वाटला. सराईत हात त्यांना ओळखू यायचा.

"खायला काय देता मावशी?"

"सूर्यफुलाच्या बिया. जिवापाड आवडतात."

"आणखी?"

"रविवारी चहात बुडवलेलं बिस्कीट."

"भाजी, फळं?"

"फेकून देतात."

"उन्हात ठेवता?"

"छे! वारा बाधेल म्हणून पिंजरा पडद्याआड असतो."

डॉक्टरीण रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं मावशींना नंतर वाटलं. तिनं नुसतं समजावून सांगितलं. ह्या जातीच्या पोपटांना कॅल्शियम फार लागतं. बियांमध्ये ते नसल्यासारखंच. ऊन नाही, म्हणजे जे थोडं पोटात जातं तेही अंगी लागत नाही. नर जवळ नसला तरी मादी अंडं घालू शकते. आणि अंड्याचं कवच करायला शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. "हिच्या हाडांत तेवढंही उरलं नव्हतं. म्हणून कवच झालं नाही, आणि म्हणून पाय धरत नाहीत."

बिया द्यायची सवय ड्रायव्हरांची. संध्याकाळी ड्युटीवरून आले की खुर्ची पिंजऱ्याशी ओढायची, खिशातून पुडी काढायची आणि एकेक बी बोटात धरून भरवायची. दिवसभराच्या गाडीतल्या गमती सांगत सांगत अर्धी पुडी संपायची. ते गेल्यावर मावशींनी तीच खुर्ची, तीच पुडी चालू ठेवली. गमती तेवढ्या नव्हत्या.

साहेबांना सुई टोचली. दोन दिवस त्यांना दवाखान्यातच ठेवलं. गुरुवारी ते घरी आले ते औषधाची बाटली, गोळीदार खाण्याची पिशवी आणि भाज्यांची यादी घेऊन. औषधाचे थेंब पाण्यात घालायचे होते. साहेबांनी पाण्याला तोंड लावलं नाही. गाजर दिलं, ते चोचीत धरून बाहेर टाकलं. पालेभाजी दिली, तिच्याकडे पाठ केली. गोळ्या दिल्या, त्यांवर पाय दिला. शुक्रवारभर मावशी पिंजऱ्यापुढे बसून होत्या. शनिवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर फडकं घालून साहेबांना ठेवलं, आणि दवाखान्यात फोन लावला.

"तीनशे बासष्ट ग्रॅम, डॉक्टरबाई."

"गुरुवारी तीनशे ऐंशी होतं. आज संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही तर उद्या घेऊन या. नळीनं भरवावं लागेल."

"नळीनं म्हणजे नरड्यात घालून?"

"हो. पण आधीच घाबरलेल्या पक्ष्याला तेही सोसवेलच असं नाही."

मावशींनी फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "मी एक विचारू का? हाडांचं सूप दिलं तर चालेल? मी एकतीस वर्षं इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तेच केलंय. हाडांचं काही असेल तर मला विचारा."

डॉक्टरीणबाईंनी विचार केला. "चालेल. पण मीठ अजिबात नको. कांदा नको, लसूण नको, मिरं नको, काहीच नको. वरचा तवंग सगळा काढायचा. कोमट द्यायचं, चमचाभर. पिंजऱ्यात ठेवून द्यायचं नाही, नासतं ते. अर्ध्या तासात उचलायचं. आणि मावशी, औषधाचे थेंब चुकवायचे नाहीत. हाडांतलं कॅल्शियम सुपात फारसं उतरत नाही."

"उतरत नाही?"

"अगदी थोडं. लोकांचा समज आहे तो."

मावशींनी फोन ठेवला आणि त्या खुर्चीत बसल्या. एकतीस वर्षं. इस्पितळाच्या तळघरातलं ते स्वयंपाकघर, छताला लागून असलेली खिडकी, त्यातून दिसणारे रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय. चपलांवरून त्या माणसं ओळखायच्या. ही परिचारिका, हा क्ष-किरणवाला, ही नवी, हिची टाच घासलीये. पहाटे पाचला हाडं पाण्यात पडायची. दोन माणसं आत बसतील एवढं पातेलं. अकरा वाजता निळ्या काठाचे साठ मग भरून गाडी वरच्या मजल्यावर जायची. मोडक्या हाडांचा वॉर्ड होता तो. हात टांगलेले, पाय टांगलेले. मावशी प्रत्येकाला सांगायच्या, "प्या, हाडाला हाड लागतं ह्यानं." सगळं इस्पितळ त्यांना सूपमावशी म्हणायचं. तेव्हा त्या मावशी म्हणण्याच्या वयाच्याही नव्हत्या.

त्यांनी पुन्हा फोन लावला.

"डॉक्टरबाई, म्हणजे मी एकतीस वर्षं लोकांना गरम पाणी पाजलं?"

"तसं नाही हो म्हटलं मी..."

"मग कसं म्हटलंत?"

मागे एक कुत्रं केकाटत होतं. डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, मला आत जावं लागेल. पण सूप करा तुम्ही. आजच करा."

मावशींना राग आला होता. पण काट्यावरचा आकडा डोळ्यांपुढून जाईना. पिशवी उचलून त्या तडक खाटकाच्या दुकानात गेल्या. हा खाटीक म्हणजे इस्पितळाला हाडं पुरवणाऱ्या म्हाताऱ्याचा मुलगा. आता तोही म्हाताऱ्यातच जमा.

"मावशी! किती दिवसांनी. काय देऊ?"

"नळीची हाडं. गुडघ्याची दोन, ती वाटीसकट. ताजी दे, फ्रिजरमधली नकोत."

"पाहुणे आलेत वाटतं?"

"पोपट आजारी आहे."

खाटकाचा सुरा हवेत थांबला. "पोपटाला हाडांचं सूप?"

"का? पोपटाला हाडं नसतात?"

"तसं नव्हे, पण मग कोंबडीचं न्या की. हलकं असतं."

"नको," मावशी म्हणाल्या. "पक्ष्याला पक्षीच कसा पाजायचा? बरं दिसत नाही ते."

खाटकानं हाडं फोडून दिली आणि वर एक जास्तीची नळी टाकली, "तुमच्या पोपटाला माझ्याकडून," म्हणून.

घरी येऊन त्यांनी हाडं आधी थंड पाण्यात भिजवली. ते पाणी फेकलं. मग पुन्हा थंड पाणी आणि मंद आच. उकळी फुटू द्यायची नाही. पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, झोपलेल्या माणसाची छाती हलते तेवढंच. फेस वर आला की काढायचा, पुन्हा आला की पुन्हा काढायचा. हात सवयीनं मिठाच्या बरणीकडे गेला, त्यांनी तो मागे घेतला. कांद्याकडे गेला, तोही मागे घेतला. "बिनमिठाचं, बिनकांद्याचं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "इस्पितळातल्या मोठ्या आचाऱ्यांनी पाहिलं असतं तर डाव फेकून मारला असता."

सूप व्हायला सहा तास लागतात. सहा तास पातेल्याजवळ बसलं की माणसाला सगळं आठवतं.

ड्रायव्हर त्यांना पहिल्यांदा भेटले ते ह्याच वासात. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं, पायाला वजन बांधून तो वर टांगलेला. तरणाताठा माणूस. बसवर झाड पडलं होतं. प्रवासी सगळे सुखरूप उतरले, हा स्टिअरिंगमागे अडकला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन महिने हलायचं नाही, आणि पुढे गाडी चालवता येईलच असं नाही. तेव्हापासून त्यानं तोंड भिंतीकडे केलं होतं. ताट यायचं तसं जायचं. परिचारिका ओरडून थकल्या. त्याची आई पदर डोळ्यांना लावून परत जायची.

सूपमावशी तेव्हा चोवीस वर्षांच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मग ठेवला, तो तसाच थंड झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गाडी रिकामी करून त्या परत आल्या आणि त्याच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या.

"मी पिणार नाही," तो भिंतीला म्हणाला.

"कुणी सांगितलं प्या म्हणून? माझे पाय दुखतायत. बसते जरा."

मग त्या बसल्या आणि आपल्याशीच बोलावं तसं बोलत राहिल्या. खिडकीतून दिसणाऱ्या पायांबद्दल. आज एक माणूस दोन पायांत दोन वेगळे बूट घालून गेला. एक बाई रोज दहाला येते, पायरीशी थांबते, आणि आत न येता परत जाते. सुपाचा मग हातात वाफाळत होता. चौथ्या दिवशी त्या पुन्हा बसल्या. बोलता बोलता थांबल्या, तेव्हा भिंतीकडून आवाज आला, "मग? आली का ती बाई आत?"

"आधी हे धरा," त्या म्हणाल्या. "माझा हात भाजतोय."

त्यानं मग धरला. धरला म्हणून एक घोट घेतला.

तीन महिन्यांनी तो कुबड्यांवर वॉर्डाबाहेर पडला. आणखी आठ महिन्यांनी बसवर चढला, आणि त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं.

संध्याकाळी पाचला मावशींनी सूप फडक्यातून गाळलं, गार पाण्यात वाटी ठेवून निववलं, वर धरलेला चरबीचा पापुद्रा काढून टाकला. खाली लालसर, नितळ, बोटाला किंचित चिकटणारं सूप राहिलं. त्यांनी ते पुन्हा कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला, आणि चमचा घेऊन पिंजऱ्याशी गेल्या.

साहेबांनी मान फिरवली.

मावशींनी आग्रह केला नाही. ड्रायव्हरांची खुर्ची जवळ ओढून बसल्या. चमचा हातात, नजर दुसरीकडे. "आज खाटकाकडे गेले होते," त्या म्हणाल्या. "केस पांढरे झाले त्याचे. बाप त्याचा अस्सा उंच होता, आणि हा बुटका राहिला. दुकानाची पाटी नवी केलीये, पण एक अक्षर चुकलंय. कुणी सांगितलं नाही वाटतं त्याला. मीही नाही सांगितलं."

चमच्याला काहीतरी लागलं. मावशींनी पाहिलं नाही. "शिंपीकाका म्हणतात, साहेबांना आता झबलं शिवतो..." पुन्हा लागलं. मग चमच्यावर चोचीचा टक् असा आवाज आला आणि जाड, काळी जीभ सुपात बुडाली. साहेब एक थेंब घ्यायचे, मान वर करायचे, डोळे मिटायचे. पुन्हा एक थेंब.

अर्धा चमचा संपला. मावशींच्या हाताला मुंग्या आल्या होत्या, पण त्यांनी तो हलवला नाही.

रविवारी त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारून औषधाचे थेंब सुपातच घातले. सोमवारी गोळ्या सुपात भिजवून मऊ केल्या. बुधवारी वाफवलेलं गाजर कुस्करून त्यात मिसळलं, आणि साहेबांनी आधी संशयानं पाहिलं, मग खाल्लं. पडदा निघाला. पिंजरा खिडकीशी गेला, सकाळच्या कोवळ्या उन्हात. सूर्यफुलाच्या बिया दिवसाला चार, मोजून, आणि त्याही संध्याकाळी खुर्चीत बसल्यावरच.

नवव्या दिवशी शिंपीकाका विचारपूस करायला आले आणि नेहमीसारखे दारातच घुटमळले.

"पुढे सरका!"

आवाज बसका होता, पण शब्द स्पष्ट. शिंपीकाका सरकले नाहीत. तिथंच उंबऱ्यावर उभे राहून त्यांनी दोन्ही हात जोडले. "सरकतो, बाईसाहेब, सरकतो," म्हणाले, आणि गळ्यातल्या टेपनं डोळे पुसायला लागले.

मुलगी दर रविवारी फोन करायची. ती दुसऱ्या शहरात बँकेत होती. तिला आधी अंड्याचं सांगितलं तर ती हसून हसून बेजार झाली. मग सुपाचं सांगितलं, तेव्हा म्हणाली, "आई, बाबा असते तर म्हणाले असते, बघा, हिनं पोपटालाही सोडलं नाही."

"तुझे बाबा काय, काहीही म्हणायचे," मावशी म्हणाल्या.

महिन्यानं पुन्हा तपासणी होती. बस इस्पितळावरून जायची. मावशी खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पिंजरा. तळघराच्या खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या. दारात एक गाडी उभी होती आणि तिच्यातून एकसारखे बंद डबे उतरत होते. आता जेवण बाहेरून येतं, हे त्यांनी ऐकलं होतं, पाहिलं आज. तिथं कसलाही वास येत नव्हता.

आणि तेव्हा त्यांना ड्रायव्हरांचं ते वाक्य आठवलं. घरी कुणी आलं, कुठं चार माणसं जमली, की ते आपल्या पायाची गोष्ट सांगायचे. शेवटी ठरलेलं वाक्य, "हाड बसवलं डॉक्टरांनी. मला उठवून बसवलं हिनं." लोक हसायचे. मावशींना मात्र दर वेळी ते थोडं टोचायचं. हाडाचं श्रेय डॉक्टरांना देऊन टाकलं, आपल्या सुपाला काहीच ठेवलं नाही, असं वाटायचं. एकदा त्या तसं बोलल्याही होत्या. ते म्हणाले होते, "अगं वेडे, मी मोठं श्रेय तुला दिलंय की त्यांना?" तेव्हा त्या पाठ करून भांडी घासत राहिल्या होत्या.

सिग्नल सुटला. बस निघाली. मावशी मागे वळून त्या बुजवलेल्या खिडक्यांकडे पाहत राहिल्या, वळण येईपर्यंत.

दवाखान्यात काट्यावर साहेब चारशे दहा भरले. डॉक्टरीणबाईंनी पाय तपासले, पंख उघडून पाहिले, रक्त घेतलं. साहेबांनी तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला आणि ती आनंदानं ओरडली, "पकड बघा काय आलीये!"

मग हात धुता धुता ती म्हणाली, "मावशी, त्या दिवशी मी घाईत बोलले. तुम्हाला लागलं असेल."

"लागलं होतं," मावशी म्हणाल्या.

"माझ्याकडे महिन्याला चार-पाच पक्षी असे येतात. औषध असतं, सगळं असतं, खात नाहीत म्हणून जातात. त्यांना खायला कसं लावायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नसतं."

"शिकवण्यासारखं काय आहे त्यात? बसायचं जवळ. बघायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा कागद ओढला. "कसं करता ते सूप? सांगा, लिहून घेते."

साहेबांनी त्यानंतर दोनदा अंडी घातली, दोन्ही वेळा टणक, पांढरी. ती तशीच राहू द्या, असा सल्ला मिळाला. साहेब तीन आठवडे त्यांवर बसले, मग कंटाळून उठले. शिंपीकाका शेवटपर्यंत त्यांना बाईसाहेब म्हणत राहिले. मावशींच्या तोंडी मात्र साहेबच.

सहा वर्षं अशी गेली. मावशींच्या गुडघ्यांनी जिन्याला नकार दिला, तेव्हा मुलगी येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. दोन खोल्यांचा संसार तीन खोक्यांत मावला. सुपाचं पातेलं, ड्रायव्हरांची खुर्ची आणि पिंजरा, एवढ्यावर मावशींनी मुलीचं काही चालू दिलं नाही. नव्या घरात विजेची शेगडी होती. तिची मंद आच मंद नव्हती आणि मोठी आच मोठी नव्हती. दोन आठवडे त्या शेगडीशी भांडत होत्या. मग एक जाड तवा मधे ठेवून त्यांनी तिला वठणीवर आणलं.

नव्या गावातल्या पक्ष्यांच्या डॉक्टरसाठी जुन्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली होती. मुलीनं ती दवाखान्यात नंबराची वाट बघताना मोठ्यानं वाचली. वय, वजन, झालेला आजार, औषधांची नावं. आणि खाली, खाण्याच्या रकान्यात, भाज्या, गोळ्या, चार बिया, आणि त्यापुढे, आठवड्यातून दोनदा, मावशींचं सूप.

"पुन्हा वाच," मावशी म्हणाल्या.

मुलीनं पुन्हा वाचलं.

आतला डॉक्टर पोक्त होता, कमी बोलणारा. चिठ्ठी वाचत तो शेवटच्या ओळीवर थांबला आणि त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "हे मावशींचं सूप म्हणजे नेमकं काय?"

मुलगी सांगायला लागली, तर मावशींनी तिच्या हातावर हात ठेवला.

"हाडं ताजी मिळतात का तुमच्याकडे, ते आधी सांगा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.